काखेतली शिवण आधी बघा: मुंबईतल्या जुन्या कपड्यांच्या बाजारांची पारख

वापरलेले पण चांगले कपडे घ्यायचे तर मुंबईत आजही पहिला नंबर शुक्रवारच्या पहाटेच्या बाजाराचा. कामाठीपुऱ्यातली देढ गल्ली पायातल्या जोड्यांसाठी, आणि तिथून दोन टाकी, चोर बाजाराच्या बाजूला पसरत जाणारी फुटपाथवरची मांडणी कपड्यांसाठी. भाव, विविधता आणि माल मनसोक्त हाताळायची मुभा, या तिन्ही बाबतींत दुसरी कुठलीच जागा याच्या जवळ येत नाही. उणिवाही मोठ्या आहेत. अंधार असतो, गर्दी असते, कपडा घालून बघायला आडोसा नसतो आणि घेतलेलं परत होत नाही. म्हणून सगळी पारख तिथेच, उभ्या उभ्या करावी लागते. ती कशी करायची हे कळलं तर हा बाजार सोन्यासारखा आहे. नाही कळलं तर चार पिशव्या घरी येतात आणि त्यातल्या तीन पुन्हा बोहारणीकडे जातात.

हा माल येतो कुठून, हे आधी समजून घ्यावं, कारण दोष त्यावरून ओळखता येतात. आपल्याकडे भांड्यांवर जुने कपडे घेणाऱ्या बोहारणी मुख्यतः गुजराती वाघरी समाजाच्या. हा समाज स्वतःला देवीपूजक म्हणवतो. एक स्टीलचा डबा किंवा प्लास्टिकची टोपली देऊन त्या पाच-सहा कपडे उचलतात. मग त्याची वर्गवारी होते. जे नेसता-घालता येईल ते धुतलं जातं, उसवलेलं शिवलं जातं, बटणं लावली जातात, इस्त्री होते. जे घालण्याजोगं नाही त्याची चिंधी होते, ती गॅरेजात आणि कारखान्यात यंत्रं पुसायला जाते. लोकरीच्या मालाची वाट बहुतेक वेळा हरियाणातल्या पानिपतची असते. तिथे जुनी लोकर पिंजून पुन्हा सूत काततात. दुसरा झरा परदेशी. वापरलेले कपडे भारतात आणायला परवाना लागतो, पण कांडल्याच्या विशेष आर्थिक क्षेत्रात परदेशी गाठी फोडून माल निवडणारे कारखाने आहेत. फुटपाथवर जाड ओव्हरकोट, कॉर्डरॉयची जाकिटं, मुंबईत कुणी विकत घेणार नाही असे स्वेटर दिसले की तो माल बोहारणीचा नाही हे ओळखावं.

म्हणजे तुमच्या हातात आलेला कपडा आधीच कुणीतरी धुऊन, शिवून, इस्त्री करून आणलेला असतो. त्या बाईने त्यासाठी भांडं दिलंय आणि दोन दिवस हात घातलेत. शेवटच्या दहा रुपयांसाठी तिच्याशी ताणू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. घासाघीस करायचीच तर ब्रँडचं नाव पुढे करून भाव चढवणाऱ्या जाकीटवाल्याशी करा.

जायचं कसं? ग्रँट रोड स्टेशनला पूर्वेकडे उतरून चालत पंधरा-वीस मिनिटं. देढ गल्ली पहाटे चारच्या सुमाराला भरते आणि आठ-नऊपर्यंत उठते. जोडे हवे असतील तर पहिल्या लोकलने निघा. कपड्यांसाठी मात्र उजाडल्यावर जाणं शहाणपणाचं, कारण दिव्याच्या पिवळ्या उजेडात पांढऱ्याचा पिवळेपणा दिसत नाही आणि काळं की गडद निळं हेही कळत नाही. मटण स्ट्रीटवरची चोर बाजाराची पक्की दुकानं शुक्रवारी बंद असतात, रस्त्यावरचा जुम्मा बाजार मात्र त्याच दिवशी भरतो. जुन्या वस्तूंची दुकानंही बघायची असतील तर त्यासाठी वेगळा वार ठेवावा. सोबत शिलाईची टेप, एक पांढरा ओला रुमाल, मोबाईलचा टॉर्च, दोन जाड प्लास्टिकच्या पिशव्या आणि पन्नास-शंभराच्या सुट्या नोटा. अंगात घट्ट टीशर्ट असावा, म्हणजे वरून शर्ट चढवून बघता येतो. दिवाळीच्या साफसफाईत घराघरांतून कपडे निघतात, त्यामुळे दिवाळीनंतरचे चार-सहा आठवडे माल सगळ्यात ताजा. जून ते सप्टेंबर टाळलेलं बरं. पावसात कपडा नीट वाळत नाही, दमटपणी घडी घालून ठेवला जातो आणि बुरशीचे बारीक काळे ठिपके धरतात. सुती कपड्यात ते धाग्याच्या आत उतरलेले असतात. कितीही धुवा, पुसट होतील, जाणार नाहीत.

आता एक शर्ट हातात घेऊ. समजा, फिकट निळा लिननचा, पूर्ण बाह्यांचा. बहुतेक लोक आधी कॉलरमागचं लेबल बघतात. लेबल शेवटी बघायचं. आधी शर्ट उलटा करा आणि काखेत जिथे चार शिवणी एकत्र येतात तिथे बोट ठेवा. कपडा सगळ्यात आधी तिथेच मरतो. घाम आणि डिओडरंटमधले ॲल्युमिनियमचे क्षार मिळून तिथे पिवळा, कडक थर बसतो. बोटाला कापड पुठ्ठ्यासारखं लागलं तर धागा आतून कुजत आलेला आहे. नुसता पिवळेपणा असेल आणि कापड मऊ असेल तर तो निघतो, त्याबद्दल पुढे. मग दोन्ही अंगठे एकमेकांना चिकटवून कापड हळूच ताणा, एकदा उभं, एकदा आडवं. चांगलं कापड ताण झेलून परत येतं. विरलेलं कापड बारीक चर्र असा आवाज करतं आणि धाग्यांमध्ये फट पडते. हीच परीक्षा पाठीवर, खांद्याच्या पट्टीखाली आणि कोपरावर.

त्यानंतर टॉर्च कापडाच्या मागे धरा. एकसारखा उजेड आला पाहिजे; ढगासारखे उजळ पट्टे दिसले तर तिथे कापड विरलंय. मग टॉर्च बाजूने, कापडाला जवळजवळ टेकवून फिरवा. त्या तिरप्या उजेडात गोळे, कसरीने खाल्लेली भोकं, रफू केलेली जागा, इस्त्रीने आलेली चकाकी सगळं उठून दिसतं. कॉलरची घडी झिजून तंतू निघाले असतील तर लगेच शर्ट टाकू नका. कॉलर पट्टीपासून उसवून उलटी लावून देणारे शिंपी अजून गल्लोगल्ली आहेत. झिजलेली बाजू आत जाते, कोरी बाजू वर येते. अट एवढीच की कॉलरच्या मागच्या बाजूला दुसरा रंग किंवा बटणाची काजं नसावीत. कफची घडी झिजली असेल तर बाही अर्धी करून घेणं हा स्वस्त उपाय. बटण तुटलं असेल तर पट्टीच्या आत खाली जादा बटण शिवलेलं आहे का ते बघा, चांगल्या कारखान्याच्या शर्टात ते असतं. काज उसवलं असेल तर मात्र विचार करा, मशीनने काज पुन्हा नीट बसत नाही.

ओल्या रुमालाने आतली शिवण जोरात चोळा. काळ्या आणि गडद निळ्या कपड्यांसाठी हे आवश्यकच आहे, कारण विटलेला काळा माल पुन्हा रंगवून विकतात. रंगवलेला ओळखायची आणखी एक खूण: खिशाचं अस्तर आणि आतलं लेबलही त्याच छटेत बुडालेलं दिसतं, पण शिलाईचा धागा पॉलिस्टरचा असेल तर त्याने रंग धरलेला नसतो.

जीन्समध्ये मांड्यांच्या आतली बाजू, पाठीमागच्या खिशांचे कोपरे आणि चेन, एवढं बघितलं तरी पुरे. चेन अर्ध्यावर आणून सोडा. आपोआप खाली घसरली तर स्लायडर सैल झालाय. स्लायडर बदलता येतो, पण दात तुटला असेल तर पूर्ण चेनच बदलावी लागते. लायक्रा असलेल्या जीन्सबद्दल आम्ही फार कडक आहोत. त्यातला ताणणारा धागा उष्णतेने आणि वयाने तुटतो, मग कापडावर, विशेषतः गुडघ्यावर आणि मागे, पाण्याच्या लाटांसारख्या बारीक सुरकुत्या दिसतात. त्या कुठल्याही धुलाईने, इस्त्रीने जात नाहीत. शंभर टक्के सुती, जाड जीन्स दिसली की तीच उचला. लाल टॅगवर कंपनीच्या नावातला ‘ई’ (E) मोठ्या लिपीत आहे, असं सांगून लीव्हाईस महाग विकणारे भेटतात. कंपनीने तो मोठा ‘ई’ १९७१ मध्ये बदलला, पण नंतर जुन्या धाटणीच्या नव्या जीन्सवर तो परत वापरलाय आणि नकलांवरही तो असतोच. फुटपाथवर त्या एका अक्षरासाठी जादा पैसे देऊ नयेत.

मुंबईच्या हवेत एक गोष्ट कधीच घेऊ नये: रेक्झिनचं, म्हणजे पीयूचा (पॉलियुरेथेन या प्लास्टिकचा) थर दिलेलं जाकीट. ते टांगलेलं असताना झकास दिसतं. पण तो थर दमट हवेतल्या पाण्याने आतून तुटत असतो, वापरलं नाही तरी तुटतो. दोन-चार वेळा अंगात घातलं की कॉलर आणि कोपरांवर पापुद्रे सुटतात आणि त्याला कसलाच इलाज नाही. अस्सल कातडं वेगळं. त्यावर बुरशी आली तरी पुसून, सावलीत वाळवून, तेल-मेण लावून ते सावरतं. ओळखायचं कसं? खिशाच्या आतली किंवा शिवणीतली कापलेली कड बघा. कातड्याची कड तंतुमय, अस्ताव्यस्त असते. रेक्झिनच्या कडेला खाली विणलेलं कापड आणि वर पातळ थर अशी दोन पदरं स्पष्ट दिसतात.

देढ गल्लीतल्या जोड्यांना हाच नियम लागतो. तिथले कारागीर जोडा इतका सुरेख पॉलिश करतात की भेगा झाकल्या जातात. म्हणून चवड्यापाशी जोडा वाकवा, पॉलिशखालची भेग तिथे उघडते. स्पोर्ट्स शूजच्या मधल्या जाड फेसाच्या थरात नख रोवा. नखाची खूण परत भरून आली तर ठीक. खूण तशीच राहिली किंवा पीठ निघालं तर तो सोल थोड्याच चालण्यात तुटून पडेल, वरचा भाग कितीही नवा असो. नव्या सोल्यूशनचा तीव्र वास येत असेल तर तळ आत्ताच चिकटवलाय, तो कोपऱ्यातून खेचून बघावा. कातडी बुटात वेल्टच्या, म्हणजे वरचा भाग तळाला जोडणाऱ्या पट्टीच्या, कडेने टाके दिसले आणि ते टाके तळापर्यंत खरे असले, तर झिजलेला तळ बदलता येतो. असा जोडा जरा महाग पडला तरी घ्यावा. आधीच्या पायाने टाच एका बाजूला खूप झिजवली असेल तर तुमचा पाय आपोआप तिकडे कलतो, तो जोडा ठेवून द्या.

साड्यांबद्दल थोडं सविस्तर, कारण इथे फसगत सगळ्यात जास्त आणि फायदाही. रेशमी साडी पहिल्यांदा घडीवर चिरते. वर्षानुवर्षं एकाच घडीत कपाटात पडलेली साडी अंगभर कोरी दिसेल, पण घडीच्या रेषेवर बोटाने हलकेच दाबलं की तिथे रेशीम फाटतं. म्हणून साडी पूर्ण उलगडून प्रत्येक घडी उजेडासमोर धरायची, विक्रेता नाही म्हणाला तर साडी सोडायची. लांबी हाताने मोजा. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक हात, म्हणजे साधारण १८ इंच. सहावारी साडी १२ हात भरली पाहिजे. आतलं फाटकं टोक कापून पुन्हा पिको केलेल्या साड्या अकरा हातांच्याच भरतात. साडीच्या जरीचं वयाने काय होतं तेही ओळखता येतं. चांदीची जरी काळपट पडते, तांब्याची लालसर-हिरवट होते, प्लास्टिकच्या जरीची चमक पापुद्र्यासारखी सुटून खालचा पांढरा धागा उघडा पडतो. चांदीची जरी वजनावर विकत घेणारे लोक असतात, त्यामुळे तशी साडी फुटपाथपर्यंत क्वचितच पोहोचते. कुणी ‘सिल्क मार्क नाही, म्हणजे खोटी’ असं म्हणालं तर ते मनावर घेऊ नका. सिल्क मार्क, म्हणजे शुद्ध रेशमाची खूण, २००४ मध्ये सुरू झाला, त्याआधीच्या साडीवर तो असणारच नाही. खरं रेशीम तपासायचं तर पदराच्या गोंड्यातला एक धागा मागून घ्या आणि घरी किंवा मोकळ्या जागी जाळा, बाजारात नको. रेशीम आणि लोकर केस जळल्यासारखा वास देतात आणि राख बोटात चुरते. सूत कागदासारखं जळतं. पॉलिस्टर वितळून कडक काळा मणी होतो.

ब्लाउज आणि शिवून घेतलेल्या कुर्त्यांचा एक मोठा गुण असतो: आतल्या शिवणीत कापड सोडलेलं असतं, पुष्कळदा दोन्ही बाजूंना मिळून दीड-दोन इंच. उसवलं की माप वाढतं. पण सोडलेली पट्टी जरा ओढून बाहेरच्या कापडाशेजारी धरा. आतली पट्टी गडद आणि बाहेरचं विटलेलं असेल तर वाढवल्यावर कुशीत गडद रेघ कायमची दिसेल.

मापाच्या बाबतीत लेबलवरच्या ‘एम’, ‘एल’ला काही अर्थ नाही. शर्ट सपाट पसरून एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत मोजा आणि दुप्पट करा. छाती ४० इंच असेल तर सपाट माप २२ च्या आसपास हवं, म्हणजे अंगात चार इंच मोकळीक राहते. पॅन्टची कंबरही सपाट मोजा. ३२ लिहिलेली ३४ निघणं रोजचंच आहे. खांद्याची शिवण खांद्याच्या हाडावर बसत असेल तर बाकी सगळं बदलता येतं: लांबी, कुशी, बाहीची उंची. खांदाच मोठा असेल तर शर्ट अख्खा उसवावा लागतो, शिंपी त्याचे भरपूर पैसे घेतो आणि घ्यायलाच हवेत. आमचा साधा हिशेब असा: कपड्याची किंमत, शिंप्याची मजुरी आणि धुलाई मिळून तशाच नव्या कपड्याच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा वर गेली तर घेऊ नये.

विलायतेत गावोगाव असतात तशी कायमची धर्मादाय दुकानं मुंबईत फारशी रुजलेली नाहीत. आपण गूंजसारख्या संस्थेला कपडे देतो तेव्हा ते विक्रीला मांडले जात नाहीत. १९९९ मध्ये सुरू झालेली ही संस्था कपडे खेड्यांत पोचवते, तिथले लोक विहीर, रस्ता, बांध अशी गावाची कामं करून ते मिळवतात. तिथे ग्राहक म्हणून जाण्यात अर्थ नाही. धर्मादाय विक्री मिळते ती चर्चच्या, शाळांच्या, महिला मंडळांच्या जंबल सेलमध्ये, वांद्र्यापासून वसईपर्यंत, बहुतेक रविवारी. सूचना फलकावर लागते, म्हणून डोळे उघडे ठेवावे लागतात. माल कमी पण घरचा, स्वच्छ. लहान मुलांचे कपडे घ्यायला याहून चांगली जागा नाही, कारण मुलं कपडा फाटायच्या आत वाढतात. पहिल्या अर्ध्या तासात पोचलात तर उत्तम. शेवटच्या तासात उरलेलं ढिगाने देतात, त्यातून सुती चादरी आणि पडदे निवडावेत, शिवायला कापड म्हणून.

इन्स्टाग्रामवरच्या थ्रिफ्टवाल्यांना, म्हणजे जुने कपडे निवडून तिथे विकणाऱ्यांना, आमच्याकडून मधलाच क्रम. निवड त्यांनी केलेली असते, त्या कष्टाचे पैसे रास्त आहेत, आणि काही जण खरंच जाणकार आहेत. अडचण फोटोची. पैसे पाठवण्याआधी खिडकीच्या उजेडातले, फिल्टर नसलेले चार फोटो मागा: काख आतून, कॉलरची घडी, मांड्यांच्या आतली शिवण, आणि धागा कुठला ते सांगणारं लेबल, जे बहुधा डाव्या कुशीत आत असतं. सपाट मापं इंचात मागा. हे पाच प्रश्न विचारल्यावर जो विक्रेता उत्तर टाळतो त्याच्याकडून घेऊ नये, कारण परत घेण्याची बोली यांच्यातले फार थोडे देतात.

फॅशन स्ट्रीट आणि लिंकिंग रोडची या जुन्या कपड्यांच्या बाजारांशी गल्लत मात्र करू नका. तिथला मोठा माल निर्यातीचा उरलेला किंवा त्याच्या नकलेचा, म्हणजे नवाच. लेबल अर्धं कापलेलं असतं ते जुनं म्हणून नव्हे, ब्रँडच्या नावाने विकता येऊ नये म्हणून. तिथे शोधायचे दोष वेगळे: एक बाही अर्धा इंच लहान, कुशीची शिवण पिळून पोटावर आलेली, दोन भागांच्या रंगात फरक.

घरी आणल्यावर पिशवी पलंगावर ठेवू नये. खरजेचा किडा माणसाच्या अंगावाचून साधारण दोन-तीन दिवसच जगतो, म्हणून पिशवी गच्च बांधून आठवडाभर बाल्कनीत ठेवली तरी त्याची भीती जाते. ढेकूण तसे मरत नाहीत, ते उपाशी कित्येक महिने तग धरतात. त्यासाठी शिवणींत, खिशांच्या कोपऱ्यांत शाईसारखे काळे ठिपके आहेत का ते बघा आणि सुती कपडे ६० अंशांच्या पाण्यात मशीनमध्ये धुवा, वर शिवणींवरून वाफेची इस्त्री फिरवा. डांबरगोळ्यांचा आणि कुबट वास घालवायला बादलीभर पाण्यात एक वाटी पांढरं व्हिनेगर, अर्धा तास भिजवणं, मग साधी धुलाई. व्हिनेगर आणि क्लोरीनवालं ब्लीच कधीही एकत्र करू नका, विषारी वायू निघतो. काखेच्या पिवळ्या डागावर तर क्लोरीन मुळीच नको, डाग आणखी पिवळा होतो. तिथे ऑक्सिजनवाली ब्लीच पावडर कोमट पाण्यात कालवून सुती कपडा तीन-चार तास भिजवावा. हळदीचा डाग साबणाने लाल होतो, घाबरू नये. ओला कपडा कडक उन्हात टाकला की दोन-तीन दिवसांत तो उडतो. गंजाच्या डागावर लिंबू-मीठ लावून ऊन दाखवा. रेशीम आणि लोकर यांना यातलं काहीच लावू नये. लोकरीचा स्वेटर हवाबंद पिशवीत घालून फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा, कसरीची अंडीही मरतात. मग थंड पाण्यात, शिकेकाईच्या किंवा लोकरीच्या सौम्य द्रावात बुडवून, न पिळता, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि सपाट पसरून सावलीत वाळवा.